विलंबित प्रारंभ (जुने सागरी डिझेल इंजिन)

विलंबित प्रारंभ : सेल्फ मारल्यावर इंजिन फिरते, पण पकडायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेते, असा बिघाड. मुळीच सुरू न होणाऱ्या इंजिनापेक्षा याचे निदान अवघड, कारण इथे कुठलाच भाग पुरता निकामी झालेला नसतो. बॅटरी थोडी उतरलेली, नोझल थोडे झिजलेले, कॉम्प्रेशन थोडे घटलेले, आणि या सगळ्यांची बेरीज पहाटेच्या गारव्यात जाणवते. म्हणून सुटे भाग बदलत सुटण्यापूर्वी उशीर नेमका कधी होतो ते पाहावे. मेकॅनिकला बोलावण्याआधी मालकाने एवढी टिपणे केली, तरी अर्धे निदान झालेले असते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटते. इंग्लंडमधील पीटरबरोच्या पर्किन्स कंपनीचे ४-१०८ हे लहान बोटी आणि शिडाच्या नौकांत फार चाललेले इंजिन इथे नमुना म्हणून घेता येईल. चार सिलिंडर, सुमारे १.७६ लिटर क्षमता, दाबाचे प्रमाण २२:१. यात इंधन थेट पिस्टनवर न उडता शेजारच्या छोट्या कक्षात उडते. त्या कक्षाच्या थंड भिंती हवेतली उष्णता शोषतात, म्हणून इतका जास्त दाब लागतो. इंजिन सावकाश फिरले तर हवा रिंगांवरून निसटते आणि उष्णताही भिंतींत जिरते. त्यामुळे पहिली तपासणी सेल्फच्या वेगाची.

विसावलेली, पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ फिरताना ती साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी तरी थकली आहे किंवा सेल्फ जास्त विद्युतप्रवाह ओढतो आहे. खाऱ्या हवेत मात्र बॅटरीइतकाच दगा वायरींचे जोड देतात. बॅटरीच्या धन टोकापासून सेल्फच्या टोकापर्यंत, सेल्फ फिरत असतानाच, व्होल्टमीटर लावावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक घट दिसली तर तो मार्ग उघडून साफ करावा. अर्थच्या वायरीचीही हीच चाचणी घ्यावी. ती हटकून विसरली जाते.

सेल्फ जोमाने फिरत असेल, तर धुरांड्याकडे पाहावे. फिरताना धूरच नाही, म्हणजे डिझेल पोहोचत नाही. पांढरा धूर निघतो, म्हणजे डिझेल पोहोचते पण पेटत नाही : हवा पुरेशी तापत नाही किंवा इंधन चुकीच्या वेळी उडते आहे.

धूर नसण्याचे नेहमीचे कारण म्हणजे लाइनने पकडलेली एअर. रात्रभर उभ्या राहिलेल्या बोटीत डिझेल हळूहळू टाकीकडे परतते आणि सैल जोडातून हवा आत शिरते. सकाळी उशीर, दिवसभर मात्र काही तक्रार नाही, असे याचे लक्षण. ज्या जोडातून हवा शिरते तिथून डिझेल गळेलच असे नाही, कारण फीड पंपाच्या ओढीच्या बाजूला दाब उणा असतो. डिझेल चालेल अशा पारदर्शक नळीचा तुकडा मध्ये बसवला की बुडबुडे दिसतात. याहून खात्रीची चाचणी म्हणजे इंजिनाच्या वर टांगलेल्या डब्यातून थेट डिझेल देणे. उशीर संपला तर दोष टाकी आणि फिल्टरच्या बाजूला. एअर काढताना आधी फिल्टर, मग पंप, शेवटी नोझलचे नट, हा क्रम सोडू नये.

४-१०८ मध्ये हवा शिरण्याची आणखी एक जागा आहे. इनलेट मॅनिफोल्डवरचा ‘थर्मोस्टार्ट’ थोडे डिझेल जाळून आत येणारी हवा तापवतो. त्याचे टाके रिकामे असले किंवा तार जळाली असली तर थंड इंजिन पांढरा धूर ओकत बसते. त्याची झडप गळत असली, तर इंधनयंत्रणेतच हवा शिरू शकते. थंडीत चटकन पकडणारे आणि गरम असताना रेंगाळणारे इंजिन मात्र वेगळे : तिथे नोझलांना डिझेल वाटणाऱ्या वितरक पंपाच्या झिजलेल्या रोटरमधून पातळ झालेले गरम डिझेल निसटत असते.

ओल्या धुरांड्याच्या बोटीत बराच वेळ सेल्फ मारणे हाच मोठा धोका. पंप इंजिन थंड करणारे समुद्राचे पाणी एक्झॉस्टमध्ये ढकलत राहतो, पण ते बाहेर फेकायला एक्झॉस्टचा वायू नसतो. मफलर भरतो आणि पाणी सिलिंडरमध्ये उलटते. लांब चाचणी घेताना समुद्रपाण्याचा कॉक बंद ठेवावा आणि इंजिन पकडताच उघडावा, नाहीतर रबरी इम्पेलर कोरडा फिरून जळतो. सेल्फही दहा-पंधरा सेकंदांहून अधिक सलग मारू नये. इंजिन लवकर पकडावे म्हणून मारलेला ईथरचा फवारा तापलेल्या थर्मोस्टार्टवर पडला तर मॅनिफोल्डमध्येच स्फोट होऊ शकतो.

कोकण किनाऱ्यावर ही तक्रार पावसाळी मासेमारीबंदी उठताना हमखास वाढते. दोन महिने उभ्या राहिलेल्या बोटीच्या अर्ध्या टाकीत दमट हवेचे पाणी साचते, आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात तिथे जिवाणू-बुरशीचा चिकट थर वाढून फिल्टर तुंबवतो. टाकी भरून ठेवणे आणि डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या सेपरेटरच्या तळाचे पाणी सोडणे हा त्यावरचा साधा उपाय.

हे सगळे निर्दोष निघाले आणि पांढरा धूर तसाच राहिला, तर नोझल काढून फवारा तपासावा आणि त्याच भोकांतून कॉम्प्रेशन मोजावे. आकड्याइतकाच सिलिंडरांमधील फरक महत्त्वाचा : चारही सारखेच उतरले असतील तर ती वयाची झीज, एकच उतरला असेल तर व्हॉल्व्ह, गॅस्केट किंवा तुटकी रिंग.