मेळघाट : लेखी साधनांपलीकडचा इतिहास

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्याची गाविलगड रांग पसरली आहे. घाटांचा मेळ तो मेळघाट. सिपना, खापरा, खंडू अशा नद्या येथे उगम पावून तापीकडे जातात. सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला पावसाळ्यात पर्यटकांची रीघ लागते. त्यांना सांगितला जाणारा इतिहास ठरलेला असतो : भीमाने कीचकाला मारून टाकलेली दरी, बहमनी काळातला गाविलगड, १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांकडून घेतलेला तो किल्ला, आणि पुढे इंग्रजांनी वसवलेले थंड हवेचे ठिकाण. हा इतिहास खोटा नाही. पण तो येणाऱ्या-जाणाऱ्यांचा आहे. येथे राहणाऱ्या कोरकूंना त्यात जवळजवळ स्थान नाही.

कोरकूंचा इतिहास वाचायचा तर साधन बदलावे लागते. ते साधन म्हणजे त्यांची भाषा. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनी प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे. भोवताली मराठी, हिंदी आणि गोंडी असताना ही भाषा मात्र मुंडा कुळातली, त्या कुळाच्या अगदी पश्चिम टोकाची. तिची भावंडे संथाली, मुंडारी आणि हो, शेकडो किलोमीटर दूर झारखंड-ओडिशात नांदतात. पाण्याला कोरकूत 'डा', संथालीत 'दाक्'. 'जोम' हा खाण्याचा धातू तर दोन्हीकडे आढळतो. एकही सनद नसताना हे शब्द एका प्राचीन नात्याची साक्ष देतात. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात, १९०६ साली, या नात्याची रीतसर नोंद झाली.

'जोम'च्या मागे एक अन्नव्यवस्थाही होती. कोदो, कुटकी, सावा ही उतारावरच्या हलक्या जमिनीत येणारी धान्ये, कुटकीचा भात, चैतात वेचून, वाळवून ठेवलेली मोहफुले, रानातले कंद आणि भाज्या. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजी अमलाखाली आला. पुढे राखीव जंगलाची व्यवस्था पक्की झाली आणि रानाशी असलेला हा व्यवहार परवानगीचा विषय बनला. १९७३-७४ मध्ये व्याघ्रप्रकल्प आला, पुढे गाभा क्षेत्रातल्या गावांचे पुनर्वसन झाले. १९९० च्या दशकात मेळघाट वृत्तपत्रांत गाजला तो बालमृत्यूंमुळे. ज्यांच्या भाषेत अन्नाचे इतके शब्द होते, त्यांची ओळख उरलेल्या महाराष्ट्राला भुकेच्या आकड्यांतून व्हावी, ही इतिहासाची क्रूर बाजू म्हणावी लागेल.

भाषेपुढचा प्रश्नही याच इतिहासाचा भाग आहे. २००३ च्या घटनादुरुस्तीने संथाली आठव्या अनुसूचीत आली. कोरकू तिच्या बाहेरच राहिली. युनेस्कोच्या नकाशात ती धोक्याच्या छायेतल्या भाषांत नोंदली गेली. धान्य पेरणे थांबले की त्याच्या सुगीचा, कांडण्याचा आणि रांधण्याचा शब्दसंग्रहही हळूहळू ओसरतो. शब्द गेला की त्याने जपलेला पुरावाही जातो.

साहित्याच्या अभ्यासकाने मेळघाटात जरूर जावे. दरीतले धुके पाहावे, गाविलगडाचे बुरूजही पाहावेत. पण धारणीच्या आठवडी बाजारात थोडा वेळ थांबून आसपासचे बोलणे ऐकावे. गाविलगडाची डागडुजी करता येते. बोलणाऱ्यांवाचून भाषेची मात्र करता येत नाही.