वायूला दिलेला गंध

घरगुती गॅसचा सिलिंडर संपत आला म्हणजे शेगडीभोवती सडक्या कोबीसारखा जो उग्र दर्प सुटतो, तो त्या इंधनाचा स्वभावधर्म नव्हे. प्रोपेन व ब्युटेन हे दोन्ही वायू शुद्ध स्वरूपात जवळजवळ निर्गंध असून, त्यांत इथिल मर्कॅप्टन नावाचे गंधकयुक्त द्रव्य अत्यल्प प्रमाणात मुद्दाम मिसळलेले असते. दगडी कोळशापासून काढलेल्या ज्या वायूने एकोणिसाव्या शतकात मुंबईचे रस्ते उजळले, त्याची गळती त्याच्या अंगच्या दुर्गंधीनेच कळे. भूगर्भातून निघणारा नैसर्गिक वायू मात्र कसलीही वर्दी न देता इमारतीत शिरे. वायूला वास लावण्याची युक्ती जर्मनीत १८८० च्या दशकातच माहीत झाली होती. ती सक्तीची होण्यास मात्र फार मोठे मोल द्यावे लागले.

टेक्सासच्या पूर्व भागातील न्यू लंडन हे गाव तेलाच्या विहिरींमुळे सधन झालेले. तरीही दरमहाचा खर्च वाचावा म्हणून तेथील शाळेच्या कारभाऱ्यांनी पुरवठादाराशी असलेला करार मोडून, तेलकंपन्या एरवी जाळून टाकीत त्या उरल्यासुरल्या वायूच्या नळाला आपला नळ जोडून घेतला. गळालेला वायू इमारतीखालच्या पोकळीत साठत गेला. मुलांची डोकी दुखत, पण कोणास संशय आला नाही. आणि १८ मार्च १९३७ रोजी तिसऱ्या प्रहरी, कार्यशाळेतील विजेच्या घासण्याच्या यंत्राची ठिणगी पडताच, अख्खे छप्पर उचलले जाऊन खाली कोसळले व सुमारे तीनशे जीव, बहुतेक सारी मुलेच, प्राणास मुकले. ज्यांच्या जमिनीतून संपत्ती उसळत होती त्यांनी मुलांच्या वर्गासाठी केलेली ही काटकसर मला आजही असह्य वाटते. काही आठवड्यांतच टेक्सासच्या विधिमंडळाने वायूत गंधद्रव्य मिसळणे बंधनकारक केले, आणि पुढे इतर मुलखांनीही तोच दंडक स्वीकारला.

सिलिंडराच्या अखेरीस दर्प वाढतो, ती मात्र कोणाची तजवीज नव्हे. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला, ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास, तर इथिल मर्कॅप्टन ३५ अंशांना उकळते; त्यामुळे वरची वाफ शेगडीकडे जात असता चपळ इंधन आधी निघून जाते व गंधद्रव्य तळाच्या द्रवात मागे रेंगाळून उत्तरोत्तर दाट होते. नव्या सिलिंडराचा वायू म्हणूनच मंद गंधाचा असतो. पण त्या मंदपणालाही अमेरिकेतील नियमांनी मर्यादा घातली आहे, की पेट घेण्यास लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या एक पंचमांश वायू हवेत मिसळला असतानाच तो नाकाला स्पष्ट कळला पाहिजे.