ॲरोटाउन

ॲरोटाउन हे न्यू झीलंडच्या दक्षिण बेटावरील ओटागो प्रांतातील एक छोटे शहर आहे. ते क्वीन्सटाउनच्या ईशान्येस ॲरो नदीकाठी वसले असून १८६०च्या दशकातील सुवर्णशोधामुळे अस्तित्वात आले.

सुवर्णशोध

१८६१ मध्ये गॅब्रिएल्स गली येथे सोने सापडल्यानंतर ओटागोत खाणकऱ्यांची रीघ लागली. पुढील वर्षी जॅक टेवा या माओरी लोकर-कातऱ्यास ॲरो नदीत सोने आढळले. विल्यम फॉक्स व त्याच्या सोबत्यांनी हे ठिकाण गुप्त ठेवण्याचा खटाटोप केला, तो फार दिवस टिकला नाही. वस्तीला मात्र काही काळ फॉक्सचेच नाव राहिले. जानेवारी १८६३ मध्ये १२,००० औंस सोन्याची पहिली खेप पहाऱ्यात रवाना झाली. त्याच वर्षीच्या हिवाळ्यातील पुरांत नदीकाठच्या अनेक खाणकऱ्यांचा बळी गेला.

येथील सोने प्रामुख्याने गाळाचे होते. जड कण नदीतळाच्या वाळू-गोट्यांत साचत, त्यामुळे थाळीत गाळ घोळवून एकट्यादुकट्यालाही ते मिळवता येई. असे वरवरचे सोने लवकर संपते. १८६५च्या सुमारास बहुतेक खाणकरी पश्चिम किनाऱ्यावरील नव्या क्षेत्रांकडे निघून गेले.

चिनी वस्ती

ओस पडू लागलेल्या खाणी चालू राहाव्यात म्हणून डनिडनच्या व्यापाऱ्यांनी चिनी खाणकऱ्यांना पाचारण केले. १८६५च्या अखेरीपासून ते येऊ लागले. बहुतेक जण ग्वांगडाँग प्रांतातील होते. इतरांनी टाकून दिलेला गाळ पुन्हा धुऊन ते सोने काढीत व घरी पैसे पाठवीत. ॲरोटाउनमध्ये बुश क्रीक या ओढ्याकाठी, मुख्य गावापासून वेगळ्या, लहान झोपड्यांत ते राहत. तेथील आह लम यांचे दुकान १८८३च्या सुमारास बांधलेले असून दगडी आहे.

ज्यांना बोलावून आणले, त्यांच्यावरच पुढे निर्बंध आले. १८८१च्या कायद्याने प्रत्येक चिनी स्थलांतरितावर १० पौंड डोईपट्टी बसवली. १८९६ मध्ये ती १०० पौंड झाली. इतर देशांतून येणाऱ्यांना असा कर नव्हता. हा कायदा १९४४ मध्ये रद्द झाला आणि २००२ मध्ये पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली.

अवशेष

चिनी वस्तीचे पुरातत्त्वीय उत्खनन १९८३ मध्ये झाले. त्यानंतर काही झोपड्या पुन्हा उभारण्यात आल्या. आह लम यांचे दुकानही जतन केलेले आहे. बकिंगहॅम स्ट्रीट या मुख्य रस्त्यावरील १८६७ मध्ये लावलेली झाडे आणि खाणकऱ्यांची छोटी घरे आज पर्यटकांचे आकर्षण आहेत. नदीत हौसेखातर सोने शोधणारेही अजून दिसतात.