पाणी बंद, अग्नी बंद, इंटरनेट बंद

‘तडीपार’ हा शब्द कुठून आला हे शोधायला बसलो आणि पोहोचलो थेट इसवी सनापूर्वी ५८ सालच्या रोममध्ये. त्या वर्षी क्लोडियस नावाच्या ट्रिब्यूनने, म्हणजे लोकप्रतिनिधीने, सिसेरो या नामवंत वक्त्याला शहराबाहेर घालवणारा कायदा करून घेतला. त्या शिक्षेचे रोमन नाव होते ‘पाणी आणि अग्नी यांची बंदी’. त्याला घोटभर पाणी द्यायचे नाही, चुलीला विस्तव द्यायचा नाही, छपराखाली घ्यायचे नाही. सिसेरो थेसालोनिकीला निघून गेला. पुढच्या वर्षी परत आल्यावर त्याने त्या कायद्याचे व्याकरणच पकडले : ‘बंदी घालण्यात यावी’ असे म्हणण्याऐवजी ‘बंदी घातली गेलेली असावी’ असे लिहिले आहे, म्हणजे जे झालेच नाही ते झाले असे जनतेकडून वदवून घेतले आहे!

मला मात्र व्याकरणापेक्षा दुसरीच गोष्ट चमकली. ही शिक्षा गुन्हेगाराला उद्देशून नव्हतीच, ती शेजाऱ्यांना उद्देशून होती. ‘तू पाणी पिऊ नकोस’ असे सिसेरोला कोणी सांगितले नाही. ‘तुम्ही त्याला देऊ नका’ असे सगळ्यांना सांगितले. आजची न्यायालये गुन्हेगारावर जी इंटरनेटबंदी घालतात, तिच्या साऱ्या कुळकथेची किल्ली मला इथे सापडली.

पण आधी तडीपार. ‘तड’ म्हणजे काठ, किनारा. संस्कृत ‘तट’चा ‘तड’ होणे सरळ आहे. ‘वट’चा ‘वड’ झाला, ‘कटु’चा ‘कडू’ झाला, तसेच. म्हणून तडीपार म्हणजे नदीच्या काठापलीकडे घालवलेला. याला एक प्रतिस्पर्धी मत आहे. मुंबईच्या बोलीत ‘तडी’ म्हणजे मार, तडाखा. तेव्हा तडीपार म्हणजे चोप देऊन हाकललेला, असे काही जण सांगतात. मला ते पटत नाही. मग ‘पार’ कशाच्या? माराच्या पार कोणी जात नाही, काठाच्या पार जातो. शिवाय ‘हद्दपार’ हा जोडीचा शब्द समोर उभाच आहे : पहिला भाग सीमेचा, दुसरा ओलांडण्याचा. एखादे काम ‘तडीस नेतो’ तेव्हाही आपण ते काठालाच लावत असतो. एकाच तडीवर यशही आहे आणि हकालपट्टीही, हे मला फार सुंदर वाटते. गावाची शीव बहुतेक वेळा ओढ्या-नदीने आखलेली असणार आणि शब्द तिथेच जन्मला असणार, असे मी बेधडक म्हणतो. ‘काळे पाणी’, ‘हुक्कापाणी बंद’, सगळीकडे पाणीच आहे. पाणवठा म्हणजे माणूस म्हणून मोजले जाण्याची जागा. काहीही गुन्हा नसताना ती नाकारली जाते तेव्हा काय होते, हे १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याने जगाला दाखवले.

आता अभ्यासू माणसे म्हणतील की इंटरनेटबंदीचे कूळ इतके जुने नाही, ती प्रोबेशनच्या, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळे सोडण्याच्या, अटींतून आली. हे मत वजनदार आहे. १८४१ साली बॉस्टनमध्ये जॉन ऑगस्टस या चर्मकाराने एका दारुड्याला न्यायालयातून आपल्या जामिनावर सोडवले. अट होती दारू सोडण्याची. तिथून ‘अमुक गोष्टीला हात लावणार नाही’ ही अट न्यायालयांच्या हाती रुळली. कागदोपत्री वंशावळ हीच, हे मी मान्य करतो. पण दारूशिवाय जगता येते, पाण्याशिवाय नाही. प्रश्न एवढाच की इंटरनेट यांपैकी कोण?

दारूबंदीची अट आणि इंटरनेटबंदी यांच्या मधला दुवा म्हणजे अमेरिकी हॅकर केव्हिन मिटनिक. १९८८ साली संगणक-घुसखोरीबद्दल त्याला अटक झाली, तेव्हा न्यायाधीश मारियाना फेल्झर यांनी त्याच्या टेलिफोनवरच बंधने घातली. ठरावीक जवळची माणसे आणि वकील, तेही पहाऱ्यात. मिटनिकने आत्मचरित्रात लिहिले आहे की पहारेकरी समोर बसलेला असताना पाठ खाजवण्याचे निमित्त करून तो मागच्या हाताने फोन तोडायचा आणि दुसराच नंबर फिरवायचा. म्हणजे इंटरनेटबंदीची आई टेलिफोनबंदी, आणि ती जन्मतःच फसलेली.

यातला योगायोग बघा. २००१ साली न्यूयॉर्कच्या फेडरल अपील न्यायालयाने एका गुन्हेगारावरची इंटरनेटबंदी रद्द करताना दाखला दिला : फोनवरून फसवणूक केली म्हणून कोणाला फोन वापरायला पूर्ण बंदी घालणे रास्त ठरेल काय? न्यायालयाला जे टोकाचे उदाहरण वाटले, त्याच्या अगदी जवळचे फेल्झर यांच्या न्यायालयात तेरा वर्षांपूर्वी प्रत्यक्ष घडून गेले होते.

मिटनिक पुन्हा पकडला गेला, सुमारे पाच वर्षे तुरुंगात राहिला आणि २१ जानेवारी २००० रोजी सुटला, तो तीन वर्षांच्या संगणक-इंटरनेटबंदीसह. ती त्याने पाळली. पुस्तक लिहायला परवानगीने संगणक मिळाला, पण जाळ्याला न जोडलेला. २००३ च्या जानेवारीत बंदी संपली आणि त्याने टीव्हीच्या एका कार्यक्रमात, स्टीव्ह वॉझ्नियाक शेजारी असताना, पुन्हा इंटरनेट उघडले. त्या काळात हे पाळणे शक्य होते, कारण इंटरनेट अजून टेबलावर होते, खिशात आले नव्हते.

पुढचे टप्पे भराभर. २०११ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने सरसकट बंदी अमान्य केली. त्यापेक्षा पोलिसांना ब्राउझिंगची नोंद तपासू देण्याची अट बरी, असे सुचवले. २०१७ साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने नॉर्थ कॅरोलिनाचा, लैंगिक गुन्हेगारांना समाजमाध्यमांपासून दूर ठेवणारा कायदा रद्द केला. भारतात काही उच्च न्यायालयांनी समाजमाध्यमे न वापरण्याच्या अटीवर जामीन दिले. पण २०२२ मध्ये पत्रकार मोहम्मद झुबेर यांना जामीन देताना ट्वीट करण्यापासून रोखायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला.

माझे म्हणणे असे : न्यायालयाने गुन्हेगाराला ‘पिऊ नकोस’ म्हटले, पण ‘देऊ नका’ हे ऐकायला कोणीच नव्हते. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत तडीपार केलेला माणूस गल्लीत दिसला तर गल्ली ओळखते. पाहुण्याचा मोबाइल, भाच्याचे सिमकार्ड, हॉटेलातले वायफाय कोणालाच ओळखत नाही. बंदी मोडली हे बहुधा कळते ते पुढचा गुन्हा घडल्यावर. तपासणीची अट चालते, कारण तिथे निदान एक माणूस पाणवठ्यावर उभा असतो.

आणि सगळ्या शेजाऱ्यांनी मिळून विस्तव नाकारायचा, ही जी रोमन तऱ्हा खरोखर परिणामकारक होती, तिची आपल्याकडची जातपंचायतीची बहीण म्हणजे वाळीत टाकणे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने तिला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे.