नाल्याकाठचे वन (वर्धा जिल्हा)

पावसाळ्यात पुराखाली जाणाऱ्या काठांवर वाढलेला वृक्षांचा चिंचोळा पट्टा. समशीतोष्ण देशांत लाल मेपलसारख्या रुंदपर्णी वृक्षांची दलदलीतली वने असतात. तसे वन वर्ध्यात नाही. महाराष्ट्रातले अस्सल दलदलीचे वन सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथे आहे. जायफळाच्या कुळातील वृक्षांची ती राई आता जैवविविधता वारसास्थळ आहे. वर्ध्यात या प्रकाराच्या सर्वांत जवळ जाते ते बोर, धाम यांसारख्या नद्या आणि त्यांच्या नाल्यांकाठचे अर्जुन-जांभळाचे वन.

जिल्ह्यातले जंगल मुख्यतः सागाचे, शुष्क पानझडी. सागाला निचऱ्याची जमीन लागते. माती पाण्याने भरली की तिच्यातली हवा निघून जाते आणि मुळे गुदमरतात. म्हणून नाल्याच्या ओलीत साग विरळ होतो आणि पांढुरक्या, गुळगुळीत सालीचा अर्जुनसादडा सुरू होतो. त्याच्या सोबतीला जांभूळ, करंज, उंबर. हे वृक्ष काही काळ पाण्यात उभे राहू शकतात. शिवाय अर्जुनाची मुळे काठाची माती घट्ट धरून ठेवतात.

बियांचा प्रवासही पाण्याशी जुळलेला आहे. अर्जुनाचे पाच पंखांचे टणक फळ आणि करंजाची शेंग पुरासोबत वाहत जाते. जांभळाचे बी वाळले की मरते. ते ऐन पावसाच्या तोंडावर पडते आणि ओल्या काठावर लगेच रुजते.

या वनाचे खरे मोल उन्हाळ्यात कळते. सागवन उघडे पडलेले असते, नाल्याचा प्रवाह थांबलेला असतो, पण बेसॉल्टच्या भेगांतली ओल मुळांना मिळत राहते आणि काठ हिरवा राहतो. सावलीमुळे डोहांतले पाणी सावकाश आटते. १९७० मध्ये अभयारण्य आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेल्या बोरच्या जंगलात वाघापासून वानरापर्यंत सर्वांना हा गारवा लागतो. काठच्या जुन्या झाडांच्या ढोल्यांत हुमा घुबड घरटे करते आणि डोहातले मासे, खेकडे टिपते.

अभयारण्याबाहेर हा पट्टा फारच असुरक्षित आहे. एका बाजूने शेत नाल्यापर्यंत सरकते, दुसऱ्या बाजूने वाळूउपसा आणि यंत्राने केलेले खोलीकरण काठ खरवडते. खोलीकरणाने पाणी साठत असेल, पण त्यासाठी झाडे काढणे मुळीच आवश्यक नाही. मोठे अर्जुन उभे दिसतात म्हणून वन शाबूत आहे असे समजू नये. चराईतून वाचलेली त्यांची रोपे काठावर आहेत का, हे आधी पाहावे.