महानगरपालिका निवडणुकीतील उमेदवारी (महाराष्ट्र)

महानगरपालिकेच्या सदस्यपदासाठी, म्हणजेच नगरसेवकपदासाठी, प्रभागातून निवडणूक लढविणे यास महानगरपालिका निवडणुकीतील उमेदवारी म्हणतात. मुंबईलगतच्या उपनगरी पट्ट्यातील ठाणे (१९८२), कल्याण-डोंबिवली (१९८३), वसई-विरार (२००९) आदी शहरांत ही उमेदवारी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार ठरते. निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो.

पात्रता

उमेदवाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. त्याचे नाव संबंधित महानगरपालिकेच्या मतदार यादीत असणे आवश्यक असते; मात्र तो त्याच प्रभागाचा मतदार असावा, अशी अट नाही. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यामुळे अपत्यांची संख्या दोनपेक्षा अधिक झाल्यास ती व्यक्ती सामान्यतः अपात्र ठरते.

आरक्षण

२०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. कोणत्या जागा राखीव राहतील, हे प्रत्येक निवडणुकीपूर्वी सोडतीद्वारे निश्चित होते. त्यामुळे प्रभागात वर्षानुवर्षे काम केलेल्या इच्छुकाची जागा ऐनवेळी राखीव होऊ शकते. अशा वेळी प्रभागाबाहेरूनही उमेदवारी करण्याची मुभा त्याला उपयोगी पडते. याच सोडतीमुळे अनेक स्त्रियांना प्रथमच सभागृहात प्रवेश मिळतो.