संपर्कजन्य त्वचादाह : गाजरगवतापासून बिब्ब्यापर्यंत

गुरुकुंज मोझरी : पावसाळा सुरू झाला की नागपूर-अमरावती महामार्गाच्या कडेला, पडीक शेतांत आणि धुऱ्यांवर गाजरगवत माजते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामसफाईचा आग्रह ज्या मोझरीतून धरला, त्या तिवसा तालुक्यात तसेच संपूर्ण वऱ्हाडात निंदणी करणाऱ्या शेतमजुरांच्या त्वचेला या तणापासून धोका संभवतो. वैद्यकशास्त्र या विकाराला संपर्कजन्य त्वचादाह म्हणते. बोलीभाषेत मात्र खाज, चट्टे व गजकर्ण यांची सरमिसळ होते आणि उपचार चुकतात.

दोन प्रकार

पहिला प्रकार क्षोभजन्य. सिमेंट, कपड्याचा सोडा, फवारणीचे औषध यांसारखा पदार्थ त्वचेला थेट इजा करतो. पुरेशी मात्रा झाल्यास तो कोणालाही होऊ शकतो. दुसरा प्रकार ॲलर्जीजन्य. यात शरीरातील टी-पेशी विशिष्ट पदार्थाला 'ओळखून' ठेवतात. या ओळखीस साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, कधी अनेक वर्षे. त्यानंतर अल्प स्पर्शही पुरतो, मात्र पुरळ एक ते दोन दिवसांनी उमटते. त्यामुळे खरे कारण रुग्णाच्या ध्यानात येत नाही.

वऱ्हाडातील कारणे

गाजरगवत, अर्थात काँग्रेस गवत, मूळचे अमेरिका खंडातील. भारतात 1950 च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली. त्यातील पार्थेनिन हे द्रव्य ॲलर्जी निर्माण करते. पुण्याचे डॉ. लोणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 मध्ये या विकारावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. वाळलेल्या गवताचे कण वाऱ्याने उडत असल्याने गवताला हात न लावताही त्रास होतो. शेवंती, सूर्यफूल ही याच कुळातील असल्याने काही रुग्णांना त्यांचीही बाधा होते.

दुसरे परिचित कारण म्हणजे बिब्बा. पायात काटा मोडल्यास वा भेगा पडल्यास बिब्ब्याचे तेल लावण्याची रीत आहे. हे तेल उतल्यास फोड येऊन काळे डाग राहतात. नकली दागिन्यांतील निकेल, सिमेंटमधील क्रोमेट, केसांच्या काळ्या रंगातील पीपीडी आणि टिकलीचा गोंद हीदेखील नेहमीची कारणे आहेत.

निदान कसे होते?

निदानाचा निम्मा भाग प्रश्नोत्तरांत असतो. काम कोणते, त्रास कोणत्या ऋतूत वाढतो, घरगुती उपाय कोणते केले, हे डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. चट्ट्याची जागाही बोलकी असते. कानाच्या पाळीवर असल्यास दागिना, कपाळाच्या मध्यभागी असल्यास टिकली. चेहरा, मान व कोपराच्या खोबणीत असल्यास गाजरगवताचा संशय येतो. पापण्या, कानामागची व हनुवटीखालची जागाही सुजल्यास हवेतील कणांची शक्यता बळावते. केवळ उन्हाच्या ॲलर्जीत या सावलीतील जागा बहुधा वाचतात.

खात्री पॅच चाचणीने होते. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ योसेफ याडासोन यांनी ती 1895 मध्ये मांडली. संशयित द्रव्ये अल्प प्रमाणात पाठीवर चिकटवून 48 तास ठेवतात. पट्ट्या काढल्यावर पहिली आणि साधारण 96 तासांनी दुसरी पाहणी होते. या काळात पाठ भिजवू नये व घामाची कामे टाळावीत. पाठीवर स्टेरॉइड मलम लावलेले असल्यास किंवा त्याच्या गोळ्या सुरू असल्यास निष्कर्ष फसवा ठरू शकतो. अकोला व नागपूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोग विभाग आहेत. तेथे जाण्यापूर्वी चाचणीची सोय व वार विचारून घ्यावा.

काय टाळावे?

औषध दुकानातून परस्पर आणलेल्या मिश्र मलमांनी खाज तात्पुरती थांबते. मात्र त्वचा पातळ होते व निदान लांबते. कारणच दूर न झाल्यास आजार जुनाट होतो, त्वचा जाड व काळवंडलेली होते आणि मजुराला शेतातील कामच सोडावे लागू शकते. गाजरगवत फुलोऱ्यापूर्वी, ओल्या जमिनीतून, हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालून उपटावे. एक झाड हजारो बिया टाकते. वाळलेले गवत जाळू वा झाडू नये. दरवर्षी 16 ते 22 ऑगस्टदरम्यान देशभर गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. मात्र ज्याला या गवताची ॲलर्जी आहे, त्याने निर्मूलनाच्या श्रमदानापासून दूर राहणेच हिताचे.